अर्धा राब

वेरावळ बंदर,
१९ सप्टेंबर २००४

लहानीबाय,

परत तेच लिहिलंस. पत्र उघडलं की पहिल्याच ओळीत ‘अर्धा राब’. आईची खुशाली चौथ्या ओळीत, माझी बदनामी पहिल्या. अगो, पंधरा वर्षांचा होतो मी तेव्हा. ऐनाच्या फांद्या तोडल्या, खाचरात पसरल्या, नुसत्या भाजायच्या राहिल्या आणि मिरग येऊन पडला. फांद्यांचा राब भाजला नाय तर भाताची रोपं पिवळी पडतात हे मला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. राहिलं. त्या एका सालासाठी आख्खा पाडा मला जन्मभर अर्धा राब म्हणणार काय? डोळखांबच्या एसटीत तर कंडक्टरपण बोलला होता, “अर्धा राब, तिकीट मात्र पूर्ण काढ.” तू तेव्हा पदर तोंडाला लावून हसलीस. मी विसरलो नाय.

आता गोळ्यांचं. चालू आहेत. डबा माझ्या पेटीत लुंगीत गुंडाळून ठेवलाय. बोटीवर आमी आठ जण. एकाच टोपात जेवतो, एकाच खोपीत आडवे होतो. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, त्याला नुसता वास लागला की या पोराला छातीचा टीबी होता, तर पेटीसकट धक्क्यावर फेकून देईल. म्हणून कुणाला सांगितलं नाय. टोकावड्याचा पंकज माझ्या शेजारी झोपतो, त्यालापण नाय. त्याला वाटतं ताकदीच्या गोळ्या आहेत. तो म्हणतो, मलापण दे एक.

तू म्हणालीस ना, गिळताना बघता येणार नाय तर रिकाम्या पट्ट्या तरी धाड. दोन पट्ट्या पाकिटात आहेत, बघ. सोमवार, बुधवार, शुक्रवार, रात्री जेवण झालं की गोळी. ठरलंय. मागच्या बारीला नुसतं ठरवलं होतं, या बारीला पक्कं ठरवलंय.

खोकला अजिबात नाय. वजनपण वाढलंय. आईला सांग, बोंबील खाऊन खाऊन तुझा पोरगा बोंबील राहिला नाय.

तुझा,
हनुमान

*

खोरीचा पाडा,
१० ऑक्टोबर २००४

हन्या,

पट्ट्या पोचल्या. माझ्या हर्षालीनं सुतळीत ओवून नाचणीवर बांधल्या. वारा सुटला की लखलखतात, पोपट फिरकत नाय. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, “पोरानं बंदरावरून धाडल्यात, पाखरं भिववायला.” तिला काय ठाऊक त्या कशाच्या ते. मी पण बोलले, हो, बंदरावर मिळतात.

कंडक्टरचं मला अजूनपण हसू येतं. रागावू नको.

पण तुझं ते ‘पक्कं ठरवलंय’ मी दोनदा वाचलं. हन्या, फांद्या तोडतानापण तू पक्कं ठरवलं होतंस. आईनं सांगितलं होतं, आपलं एक खाचर भाज. तू काय बोललास? एक कशाला, भिमाचं पण करतो, गोदूकाकूचं पण करतो, शाळेमागचा माळ पण मीच भाजतो. आख्ख्या पाड्याचा राब तू एकटा टाकणार होतास. तीन दिवस डोंगरावर असा कोयता चालवलास की लोक बघायला यायचे. चौथ्या दिवशी दमलास. पाचव्या दिवशी वैशाखऱ्याच्या जत्रेला गेलास. आमी बोललो, येईल, पक्कं ठरवलंय त्यानं.

मी तुला कमी लेखत नाय. पण पावसाळ्यात अंगणवाडीत माझ्यासमोर गोळ्या गिळत होतास, तेव्हा एकपण चुकली नाय. का ते मला कळलंय. मी खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरवायचे आणि पोरांना वाढायच्या आधी तुझ्या हातावर गोळ्या टेकवायचे. तुला वार ठाऊक नव्हता, खिचडीचा वास ठाऊक होता. वास आला की तू आपोआप हात पुढं करायचास, हर्षालीसारखा. बोटीवर कसला सोमवार आणि कसला शुक्रवार? पाण्यात वार असतात काय? तिथं तू न ठरवता रोज होतंच होतं असं काय आहे ते बघ, आणि त्याच्या शेपटीला गोळी बांध. तूच लिहिलं होतंस की तांडेल रोज सकाळी नाळेवर, बोटीच्या टोकाला, अगरबत्ती लावतो. मग धूर दिसला की पट्टीला हात. तारीख नको, वार नको, मधल्या वारांची ताकदीची गोळीपण पट्टीत असतेच, ओळीनं घे. धूर, गोळी. धूर, गोळी. संपलं.

आणि एक सांगते, आईला बोलू नको. डबा अंगणवाडीतच ठेवायचा, पेशंटच्या हातात द्यायचा नाय, असा नियम आहे. मुकादम टेम्पो घेऊन उभा होता, तुझा खोकला थांबला होता, तू बोललास सीझन चुकला तर साल गेलं. मी दिला डबा. आता नर्सबाय महिन्याला येते, विचारते, “येतो का गं तुझा भाऊ गोळ्यांना?” मी म्हणते, येतो ना. आणि डाळ निवडते. तिच्या तोंडाकडं बघत नाय.

म्हणून तू गिळत जा रे. तुझ्यासाठी नाय तर माझ्या त्या डाळीसाठी.

लहानी

*

वेरावळ,
२१ नोव्हेंबर २००४

बाय,

तुझी अगरबत्तीची युक्ती एकदम फर्स्ट क्लास. तांडेल काडी ओढतो आणि इकडं माझा हात आपोआप पेटीत. तू अंगणवाडीत मदतनीस कशाला, तुला डॉक्टर करायला पायजे होती. चार पट्ट्या धाडतोय. नाचणी कापली असेल तर आता वालावर बांध.

दिवाळीला येणार होतो पण शेठ बोलला, आता म्हाकूल लागलेत, महागाची मासळी, आता जो जाईल त्यानं परत येऊ नये. आईला वाईट वाटलं असेल. तिला सांग, एकदाच येतो, पण मोठा होऊनच येतो.

कारण मी सगळं ठरवलंय. ऐक. मे महिन्यात शेठ हिशोब करतो, सगळा पैसा एकदम हातात. तोपर्यंत गोळ्यांचा डबा संपला, थुंकी तपासली, साफ. मग कल्याणला जाऊन लायसन काढायचं. मग जुनी जीप. टोकावडे ते मुरबाड, मुरबाड ते टोकावडे. दहा सीट बसवायच्या, दोन लटकवायच्या. मागं नाव घालायचं ‘आईचा आशीर्वाद’, तुझं नाव दारावर बारीक अक्षरात. रात्री पडल्या पडल्या मी आख्खा रस्ता चालवतो, कुठं गिअर बदलायचा तेपण. पंकज म्हणतो झोपेत हात हलवतोस.

मी इतका खूश आहे बाय, की मला कळत नाय लोक एवढी काळजी का करतात.

पट्ट्या मोजून घे.

हनुमान

*

खोरीचा पाडा,
१६ जानेवारी २००५

हनुमान,

पंकज आला होता. दोरात सापडून त्याचा हात सुजलाय म्हणून शेठनं घरी पाठवला. वाट वाकडी करून आपल्याकडं आला, सुकटाची पिशवी दिली, आईच्या पाया पडला. चांगला पोरगा आहे. चुलीजवळ बसून चहा प्याला. मला तुझ्याबद्दल विचारायचं होतं पण सरळ कसं विचारू? म्हणून मी बोलले, “त्याला लघवीचा काय त्रास नाय ना बोटीवर? लहानपणी खडा होता.”

तो जो हसायला लागला! “त्रास? अगो ताई, काठावर उभा राहून शर्यत लावतो सगळ्यांशी. एकदाच, गणपतीच्या टायमाला, लाल झाली होती. आख्खी बोट घाबरली. तांडेल बोलला, याचं रक्त जातंय, उतरवा याला. तेव्हापासून एकदम साफ. पाण्यासारखी.”

“तेव्हापासून एकदापण नाय?”

“नाय ना. रोज बघतो आमी, बाजूबाजूलाच उभे असतो.”

“खोकतो का रे?”

“खोकतो. पण बिडीचा असेल.”

“तो बिडी ओढत नाय.”

पंकजनं जरा विचार केला. “मग बिडी न ओढताच खोकतो,” तो बोलला आणि आईनं त्याला भाकर वाढली.

हनुमान, पावसाळ्यात तू अंगणवाडीच्या मागं जाऊन यायचास आणि ओरडायचास, “बाय, आज परत जास्वंद!” गोळी घेतली की लाल होणारच, नर्सबायनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घाबरू नका, ते औषधच तसं. म्हणजे गणपतीपासून तुझ्या पोटात गोळी नाय. म्हणजे त्या चार पट्ट्या. आणि नाताळात आलेल्या त्या तीन.

मी त्या सगळ्या पडवीच्या मेढीला बांधल्यात. काढल्या नाय. काढल्या तर आई विचारेल का काढल्या. रात्री वाऱ्यानं वाजतात आणि मी पडून ऐकते.

मी तुला शिव्या देणार नाय. मला एवढंच सांग, किती खोकतोस. आणि पट्ट्यांतल्या गोळ्या गेल्या कुठं? कुणा दुसऱ्याला दिल्यास काय?

मी इथून काय करू रे. तुझं तोंड धरून उघडायला माझा हात एवढा लांब नाय.

लहानी

*

खोरीचा पाडा,
२७ फेब्रुवारी २००५

हनुमान,

तुझं उत्तर नाय. दीड महिना झाला. पोस्टमन लांबूनच हात हलवतो, नाय म्हणून.

मी नर्सबायला खरं सांगितलं. डाळ बाजूला ठेवली आणि तोंडाकडं बघून सांगितलं. ती खूप ओरडली. बोलली, तुला कामावरून काढायला पायजे. मग खाली बसली, पाणी मागितलं, बोलली, “किती दिवस बंद आहे?” मी सांगितलं. ती बोलली, आता तोच डबा चालायचा नाय, रोग शिकतो. आता पहिल्यापासून, आठ महिने, आणि सुरुवातीला सुया. पण होतं बरं. आणा त्याला. तिकडं सरकारी दवाखान्यात गेला तरी चालेल, पण गेला पायजे.

पंकजचा हात बरा झाला. शिमगा खेळला की परत निघतोय. काय निरोप द्यायचा ते त्याच्या हातानं देईन. पण त्याआधी तू दोन ओळी लिही. शिव्या लिही. काहीपण लिही.

आई विचारते, जीप कधी आणणार.

लहानी

*

वेरावळ,
१४ मार्च २००५

बाय,

तुझी दोन्ही पत्रं माझ्या उशाशी होती. रोज उत्तर लिहायचं ठरवत होतो. एवढ्यावरूनच तुला कळलं असेल.

पहिल्या दोन पट्ट्या मी खरंच खाल्ल्या. आईशपथ. मग ती लाल झाली आणि सगळ्यांनी बघितली. तांडेलानं सगळ्यांसमोर विचारलं, काय आहे हे? मी बोललो, बीट खाल्लं. बाय, भर समुद्रात बीट कुठून आलं? आधी बोलला, उतरवा याला, मग माझ्या तोंडाकडं बघत राहिला. तेव्हा मी म्हटलं, ही एक फेरी गोळी नको, बंदराला लागलो की चालू करू. बंदराला लागलो तर तीन दिवसांनी परत फेरी. तीन दिवसांसाठी कशाला चालू करायची? पुढच्या फेरीला म्हटलं, आता चुकलंच आहे तर मधूनच सुरू करणं बरं नाय, दिवाळीच्या पाडव्यापासून नव्यानं करू, एकदम साफ. पाडव्याला म्हाकूल लागले. मग म्हटलं एक जानेवारी, सगळं जग त्याच दिवशी नवं करतं. मग संक्रांत.

तुला एक गोष्ट सांगतो, ती कुणाला कळत नाय. तारीख ठरवली ना, की छाती हलकी होते. त्या रात्री इतकी गाढ झोप लागते की जसं आठ महिन्यांचं औषध एकदम पोटात गेलं. सकाळी उठलं की वाटतं काम झालंय. मग झालेलं काम परत कोण करेल? त्या डोंगरावरपण असंच झालं होतं. पाड्यात सगळ्यांना सांगून आलो की तुमचा पण राब मी टाकतो, आणि सगळे वा वा बोलले, तेव्हाच माझा राब भाजून झाला होता. मी गोळ्या खात नव्हतो बाय, तारखा खात होतो.

तुझी अगरबत्तीची युक्ती खोटी नव्हती. धूर आला की रोज आठवण यायची. एकपण दिवस चुकला नाय. रोज धूर, रोज तू, तुझं खिचडीचं पातेलं. हात पेटीपर्यंतपण जायचा. मग तांडेल वळून बघायचा, मी हात काढून घ्यायचो. सोपं होतं काय लपून गिळणं? सोपं होतं. कुणी मला बांधून ठेवलं नव्हतं. डोळ्यांनी दिसत होतं काय करायचं ते, आणि मी जसा काय दुसऱ्याकडं बघतोय, हा आता घेईल, हा आता घेईल.

गोळ्या कुणाला दिल्या नाय. तुला पत्र लिहायचं झालं की पट्टी घेऊन मागच्या बाजूला बसायचो आणि एकेक दाबून पाण्यात सोडायचो. पट्टी रिकामी झाली की मला बरं वाटायचं, कारण तुला बरं वाटणार होतं. वेडेपणा बघ. डबा संपला. तिकडचे मासे बरे झाले असतील.

पंधरा दिवस झाले, पाण्यात असताना खोकल्यातून रक्त आलं. थोडंच. तांडेलानं बघितलं. ओरडला नाय, त्यानं मला धक्क्यावर उतरवलं आणि जाळी शिवायच्या शेडमध्ये बसवलं, वेगळी ताटली दिली. म्हणजे त्याला कधीचंच कळलं होतं. त्याचा भाऊ याच्यातच गेला, असं इथले लोक सांगतात. मी एवढे महिने ज्याच्यापासून लपलो त्यानं मला दवाखान्याचा रस्ता दाखवला. बोलला, जा.

मी गेलो. एकदा गेटपर्यंत गेलो, तर रविवार. एकदा लाईन मोठी होती. एकदा लाईन नव्हती, आतला माणूस बोलला, ये, आणि मी बोललो, पेटीत कागद राहिलाय, घेऊन येतो. पेटीत काय कागद नव्हता. स्टेशनवरपण दोनदा गेलो, घरी यायला. पैसे खिशात, खिडकी समोर. पहिल्यांदा चहा प्यायला वळलो. दुसऱ्यांदा म्हटलं, शिमग्याच्या आदल्या दिवशी गेलं तर आईला बरं वाटेल. आणि तेवढं ठरवल्याबरोबर छाती हलकी झाली. तेव्हा मी घाबरलो. पहिल्यांदा घाबरलो बाय. रक्ताला नाय, त्या हलकं वाटण्याला.

म्हणून या बारीला मी काय ठरवत नाय. तू पण मला तारीख विचारू नको. तू सांगशील तसं करीन असंपण लिहीत नाय, ते लिहिलं की परत झोप छान लागेल.

त्या सालचं एक कधी बोललो नाय. पाचव्या दिवशी जत्रेतून मी संध्याकाळीच परत आलो होतो. खाचराच्या बांधावर बसलो होतो. फांद्या वाळून खडखडीत होत्या, काड्याची पेटी हातात होती. नुसती ओढायची होती. आभाळ भरत होतं आणि मी बसून बघत होतो. पाठीमागं कुणी चूड पेटवून उभं असतं ना, नुसतं उभं, काय न बोलता, तरी मी भाजला असता. मी आळशी नाय गं. मला एकट्याला ती काडी ओढता येत नाय. का ते मला ठाऊक नाय. डॉक्टरला ठाऊक असेल तर त्यालापण विचार.

तू ये. दाजींना सांग, आईला जीप बघायला चाललेय म्हणून सांग, काय सांगायचं ते सांग. तू कल्याणच्या पुढं कधी गेली नायस ते मला ठाऊक आहे. पंकज शिमगा खेळून निघेल तेव्हा त्याच्याबरोबर ये. तो कल्याणला भेटेल, बसायला जागा धरेल, त्याचं तिकीट शेठ देतो. इथं स्टेशनातून उतरलीस की बंदर कुठं विचार, बंदरात जाळ्यांची शेड कुठं विचार. मी तिथंच असेन, कुठं जाणार? मला काय विचारू नको, पेटी उचल आणि पुढं चाल. मी मागून येईन. तू पुढं असलीस की मी येतो, ते अंगणवाडीत बघितलंयस तू.

येताना ती पट्ट्यांची सुतळी मेढीवरून काढून टाक. आईला सांग, पाखरं गेली.

हे मी पोस्टात उभ्या उभ्या लिहितोय. पैसे माझ्याजवळ राहिले तर परत उद्या होईल, म्हणून सगळे खिडकीत दिलेत. तिकडं मनीऑर्डरवाला बोलतोय, “जल्दी करो भाई.” तुझं यायचं एक तिकीट, जायची आपली दोन, शहापूरपासून एसटी वेगळी. वाटेत चहा पिऊ नको, त्याचे यात धरलेले नाय. सातशे चाळीस रुपये धाडतोय.